आमची वाटचाल : निम्मी बाटली बंद केली तिथनं पुढं

आमचं तासगावात जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. 2011 ला सुरू केलं तेव्हा मी डी फार्म करून नुकतीच सासरी आलेले, गोठ्यात आठ जनावरं, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई धारा काढायच्या आणि दुकान मी बघायचे. गिऱ्हाईक म्हणायचं ताप आलाय, आम्ही तापाचं द्यायचो, विषय संपला.

2013 च्या जूनमध्ये आमचीच एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय तापली, दुसऱ्या वेताची. 106 ताप, रवंथ बंद, एका धारेला 9 लिटर देणारी 2 वर आली. पहिला पाऊस अंगावर घेतला असेल असं धरून मी दुकानातलंच औषध तीन दिवस दिलं. खांद्याच्या पुढची गाठ सुजलेली, ती आत्यांना दिसली, मला नाही. मग डॉक्टर आले, त्यांनी गाठीत सुई घालून काचेवर नमुना घेतला, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवला, थायलेरिया निघाला, म्हणजे गोचिडीतनं होणारा रक्ताचा रोग. त्यावरचं बुपारव्हाक्वोन हे इंजेक्शन दिलं पण तोवर रक्त पार उतरलेलं, डोळ्याची आतली बाजू पांढरीफटक. पाचव्या दिवशी गेली. आत्या त्या रात्री जेवल्या नाहीत आणि मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासनं मी या विषयाच्या मागंच लागले. आपल्याकडं सगळ्यालाच गोचीड ताप म्हणतात पण आत रोग वेगवेगळे असतात. गाठी सुजून ताप चढला तर बहुतेक थायलेरिया, लघवी कॉफीसारखी व्हायला लागली तर बबेसिया, त्याला डिमिनाझिन लागतं, तिथं बुपारव्हाक्वोन देऊन पैसे वाया. अ‍ॅनाप्लाझ्मात लघवी लाल होत नाही, जनावर पिवळं पडतं, शेण घट्ट होतं, त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन. नक्की कुठला ते रक्त काचेवर बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून 2016 ला बचत गटाचं कर्ज काढून मायक्रोस्कोप घेतला आणि एक रिटायर झालेले पशुधन विकास अधिकारी सकाळी आमच्याकडं बसायला लागले. औषध त्यांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही.

खरी लढाई डोसची होती. बुपारव्हाक्वोन 20 किलोला 1 मिली, म्हणजे 400 किलोच्या गाईला 20 मिलीची अख्खी बाटली, तीही एका जागी 10 मिलीच्या वर टोचायची नाही. माणसं म्हणायची, "वैनी, निम्मी द्या की, बाकीची परवा नेतो." परवा कुणी यायचं नाही, गाय अर्धवट सुधारून परत बसायची. शेवटी निम्मी द्यायचीच बंद केली. वर्षभर गिऱ्हाईक तुटलं, घरातही कटकट झाली, मग दुधाचं बिल आलं की द्या म्हणून उधार द्यायला लागले, आणि सांगायला बरं वाटतं, त्यातली उधारी फारशी बुडली नाही. वजनासाठी टेप ठेवला. छातीचा घेर इंचात, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्यापासनं मागच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि 660 नं भागायचं. घेर 68, लांबी 57 आली तर गाय 400 किलोची. आता आमच्या गिऱ्हाइकांच्या पोरांना हे तोंडपाठ आहे.

आणि गोठा. फुगलेली गोचीड खाली पडून भिंतीच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालते, त्यामुळं नुसती गाय फवारून काही होत नाही, फटी, गव्हाणीखालचा भाग, खुंट्याजवळची माती सगळं फवारायचं आणि 15 दिवसांनी परत. आपल्या भागात द्राक्षाच्या फवारणीचं उरलेलं औषध जनावरावर मारतात, ते बघून माझा जीव तुटतो, विषबाधा होऊन गाय तिथंच जाते. कृपा करून ते करू नका.

आज दुकानात तिघंजण कामाला आहेत आणि सगळ्यात जास्त काम जून ते सप्टेंबर. नमुना आणणार असाल तर डॉक्टरांकडनं जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त काढून घ्या, बर्फात ठेवा, पण नळीला बर्फ थेट लावू नका, आणि औषधाचं पहिलं इंजेक्शन द्यायच्या आधी आणा.