गडगा मागे घेतला, मग निघाले

2023च्या हजचा नंबर लागल्याचं कळलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी दोन गडी बोलावले आणि घरामागचा गडगा, म्हणजे हद्दीची दगडी भिंत, पाडायला लावला. शेजारपाजारच्यांना वाटलं, जागा मोठी करतेय. प्रत्यक्षात ती दोन हातांनी लहान करायची होती.

2005च्या पावसात तो गडगा कोसळला होता. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी जांभ्याचे चिरे आणून तो नव्याने रचला, तेव्हा तो दोन हात थोरल्या दिरांच्या बाजूला सरकला. त्या दोन हातांत हापूसचं एक कलम होतं. दीर तेव्हा परदेशी नोकरीला. भाबी, म्हणजे माझी थोरली जाऊ, एकदा ह्यांच्याशी बोलल्या, मग बोलणंच बंद झालं. मी सगळं बघत होते. शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवत होते आणि दर मे महिन्यात त्या कलमाचे आंबे पेटीत भरत होते. हे 2016ला गेले. त्यांच्यामागे ती जमीन माझ्या माथ्यावर आली.

पैगंबरसाहेबांची एक हदीस, म्हणजे वचन, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. ज्याने दुसऱ्याची वीतभर जमीन अन्यायाने घेतली, त्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचं जोखड पडेल. ही मी लहानपणी मकतबमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या शाळेत, ऐकली होती. फॉर्म भरताना ती पुन्हा आठवली आणि मग झोप लागेना. वीतभर! आमची तर दोन हात होती.

हज कुणावर फर्ज, म्हणजे बंधनकारक, आहे हे सांगताना लोक पैशाचं आणि प्रकृतीचं बोलतात. मुंबईहून जायला तीन लाखांच्या वर खर्च आला, तो माझ्या निवृत्तीच्या पैशातून निघाला. तब्येतही गुडघे सोडले तर ठीक होती. पण आमच्या कोकणात जुनी माणसं आधी देणी फेडायची, घरोघर जाऊन ‘कहासुना माफ करा’ म्हणायची, मगच मुंबईला जहाज धरायची. माझे आजोबा असेच गेले होते. समुद्रमार्गे हजला जाणं 1995ला बंद झालं, आता विमानाने पाच तासांत माणूस पोचतो. पण माफी मागायला जी चार घरं फिरायची असतात, तिथं अजूनही पायीच जावं लागतं.

गडगा मूळ जागी रचून झाला. कलमावर तेव्हा आंबे होते, ते आंब्यांसकट भाबींकडे गेलं. सतरा मोसमांचे जमेल तसे पैसे धरून मी एक पाकीट केलं आणि त्यांच्या दारात गेले. म्हटलं, “भाबी, आमच्याकडून तुमचा हक्क मारला गेला. माफ करा.” त्यांनी पाकीट घेतलं. मोजलं नाही, चहा विचारला नाही आणि ‘माफ केलं’ असंही म्हटलं नाही. दिरांचा फोटो भिंतीवर होता, त्याच्याकडे बघत राहिल्या. मी उठून आले.

माणसाने अल्लाहचा हक्क चुकवला तर त्याची माफी अल्लाहच्या हातात. माणसाचा हक्क मारला तर माफी त्या माणसाच्या हातात. आमच्याकडे याला हुकूकुल इबाद म्हणतात, बंद्यांचे हक्क. नमाजी, रोजेदार, जकात देणारा एखादा कयामतच्या दिवशी येईल, पण याला शिवी दिलेली, त्याचा माल खाल्लेला, आणि सगळं पुण्य घेणेकऱ्यांना वाटता वाटता तो कफल्लक होईल, असं पैगंबरसाहेबांनी सांगितलंय. भाबींच्या न मिळालेल्या माफीचं ते कोरं पान उराशी घेऊनच मी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघाले.

मी विधवा. मुलगा नोकरीत अडकलेला. 2018पासून पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना मेहरम, म्हणजे नवरा किंवा जवळचा पुरुष नातलग, सोबत नसतानाही गटाने जायची परवानगी मिळाली, म्हणून हे जमलं. आमचा चौघींचा गट होता. दोघी बहिणी चिपळूणच्या, एक खेडची शिलाईकाम करणारी आणि मी. 2023ला देशभरातून अशा चार हजारांवर बायका गेल्या. विमानात यलमलमची हद्द ओलांडायच्या आधी नियत, म्हणजे हजचा संकल्प, केली. पुरुषांना दोन बिनशिवी पांढरी कापडं असतात, आम्हाला आमचेच साधे कपडे, फक्त चेहऱ्यावर पडदा येता कामा नये. ‘लब्बैक अल्लाहुम्मा लब्बैक’ सुरू झालं. हजर आहे, अल्लाह, मी हजर आहे. बायकांनी ते हळू आवाजात म्हणायचं. खेडच्या बाईंचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

इहराममध्ये, म्हणजे ही नियत केल्यावरच्या व्रतात, अत्तर नाही, नख काढायचं नाही, केस तोडायचा नाही, शिकार नाही. आणि भांडण नाही. कुरआनात सूरह बकरामध्ये हज सांगताना हे येतं, आणि त्याच आयतीत पुढे म्हटलंय, प्रवासाला शिदोरी घ्या, आणि सगळ्यात चांगली शिदोरी तकवा. मी तकव्याला मराठीत शब्द शोधत आलेय. ‘धर्मभीरुता’ म्हणतात, मला तो पटत नाही, त्यात भीतीच फार आहे. दुसरे खलिफा हजरत उमर यांनी पैगंबरांचे सोबती उबय बिन काब यांना तकवा म्हणजे काय विचारलं, तेव्हा त्यांनी उलट विचारलं म्हणतात, काट्यांच्या वाटेने कधी गेलात का? गेलो. मग काय केलंत? कपडे सावरले आणि जपून चाललो. तोच तकवा. करवंदीच्या जाळीतून पदर आवळून गेलेल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही.

काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा ठरवून ठेवलेल्या सगळ्या दुआ विसरले. डाव्या हाताला काबा ठेवून सात फेऱ्या. गर्दी इतकी की पाय आपण टाकत नाही, तो टाकला जातो. हजरे अस्वदला, काब्यातल्या काळ्या दगडाला, हात लावायची माझी धडपड नव्हती, लांबूनच हात उंचावला. उमर यांनीही त्या दगडाचा मुका घेताना म्हटलं होतं, तू दगड आहेस, तू ना नुकसान करू शकतोस ना फायदा, पैगंबरांना करताना पाहिलं नसतं तर मीही केलं नसतं. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. श्रद्धा आणि शहाणपण एकाच श्वासात.

मग सफा आणि मरवा. मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इथलं. तहानेने रडणाऱ्या लेकराला, इस्माईलला, जमिनीवर ठेवून बीबी हाजरा या दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी धावल्या. एक बाई, एकटी, ओसाड माळावर. सात वेळा. आज तिथं छत आहे, गार हवा आहे, पायाखाली गुळगुळीत संगमरवर. सात खेपांचे तीन किलोमीटरच्या वर होतात. मधे हिरवे दिवे लागतात, तिथं पुरुषांनी जरा धावायचं आणि बायकांनी चालायचं. दुनियाभरचे पुरुष, राजा असो की हमाल, एका आईची धाव धावतात. मी भिंतीकडेने चालत होते, गुडघा ठणकत होता आणि नजर त्या धावणाऱ्यांवर होती. पुढे एक म्हातारा मलेशियन धावायला बघत होता आणि त्याचा मुलगा त्याचा दंड धरून होता.

चौथ्या खेपेला मला भाबी आठवल्या. दीर परदेशी असताना पाच वर्षांच्या आजारी पोराला पाठीवर घेऊन, भर पावसात त्या एसटी स्टँडपर्यंत चालत गेल्या होत्या. आमच्या अंगणातून. आमच्या घरात तेव्हा मोटारसायकल होती. गडग्याच्या भांडणात आम्ही विचारलंसुद्धा नाही. माफी मागताना मी जमिनीचं बोलले, याचं बोललेच नव्हते.

8 जिल्हज म्हणजे 26 जूनला मिना. तंबूंचं शहर. 1997च्या आगीनंतर तिथले तंबू न पेटणाऱ्या कापडाचे केले आहेत. दुसऱ्या दिवशी अरफात. हजचा गाभा तोच, अरफात चुकलं तर हज झाला नाही. दुपार ढळल्यापासून मगरिबपर्यंत, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत, नुसतं थांबायचं आणि मागायचं. पारा 45च्या आसपास. त्या वर्षी 18 लाखांवर माणसं होती. याच मैदानात 632 साली पैगंबरसाहेबांनी निरोपाचं प्रवचन दिलं आणि तुमची जिवितं, तुमचे माल एकमेकांसाठी या दिवसासारखेच पवित्र आहेत असं सांगितलं. माल! मी तंबूबाहेर कडुलिंबाच्या झाडाच्या तुटपुंज्या सावलीत उभी राहिले. मुलासाठी मागितलं, ह्यांच्या कबरीसाठी मागितलं, शाळेतल्या मुलांसाठी मागितलं. मग भाबींसाठी मागायला लागले आणि थांबताच येईना. त्यांच्या माफीसाठी मागितलं नाही. त्यांच्या पोरासाठी, त्यांच्या शुगरसाठी, त्यांच्या कलमाच्या मोहोरासाठी मागितलं.

सूर्य मावळल्यावर मुजदलिफाकडे. मेट्रोच्या स्टेशनावर रेटा पाहून आम्ही चौघींनी चालायचं ठरवलं, सात-आठ किलोमीटर. चालणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे, वरून पाण्याचे फवारे उडतात, कडेला लोक थंड पाण्याच्या बाटल्या हातात कोंबतात. माझी चप्पल तुटली. मागून येणाऱ्या एका आफ्रिकन बाईने काही न बोलता पिशवीतून रबरी चप्पल काढून माझ्या पायाशी ठेवली आणि चालू लागली. मला तिचा चेहराही नीट दिसला नाही. ती चप्पल आजही माझ्याकडे आहे, डावी-उजवी दोन्ही एक नंबर मोठ्या.

मुजदलिफात मगरिब आणि इशाची नमाज एकत्र पढून उघड्यावर आडवं व्हायचं. गादी नाही, छप्पर नाही. मोबाइलच्या उजेडात हरभऱ्याएवढे खडे वेचले, एकोणपन्नास. पहिल्या दिवशी सात, मग दोन दिवस एकवीस-एकवीस. खडे धुताना तळहातावर घेतले आणि आमचा जांभा आठवला, तांबडा, भोकाभोकांचा. शैतानाला मारायचे ते खडे एवढेसे असतात. मोठा दगड मारायला मनाई आहे. जमरातवर, म्हणजे शैतानाच्या खांबांपाशी, काही जण रागाने चपला भिरकावतात, मला ते बघवलं नाही. मी मारताना एकेक खडा एकेका मोसमासाठी धरला. सतरा मोसम होते, म्हणून ते दोन दिवसांत संपले.

गावाहून मुलाचा मेसेज आला. तिकडे 29 जूनला बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली होती. राज्यात ठिकठिकाणी मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करता पुढच्या दिवशी करायचं ठरवलं, आमच्या मोहल्ल्यानेही तसंच केलं. मला बरं वाटलं. कितीतरी आषाढींना मी शाळेच्या पोरांची दिंडी गावातून नेली आहे, तुळस डोक्यावर घेतलेल्या मुलींच्या पुढे पाणी घेऊन चालले आहे. सूरह हजमध्येच आहे, कुर्बानीचं मांस अल्लाहपर्यंत पोचत नाही, रक्त पोचत नाही, पोचतो तो तुमचा तकवा. शेजाऱ्याच्या उपवासाचा मान राखला तर तोही पोचत असेलच.

जुलैच्या मध्यावर मी परतले. पाऊस लागलेला. लोक ‘हज्जन आली’ म्हणून भेटायला येत होते, खजूर वाटून झाले. भाबी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पाच लिटरच्या कॅनमधलं जमजमचं पवित्र पाणी स्टीलच्या तांब्यात ओतलं, वर वाटी झाकली आणि त्यांच्याकडे गेले. गडग्याच्या चिऱ्यांवर हिरवं शेवाळ धरायला लागलं होतं.

ओट्यावरच मी म्हटलं, “भाबी, पोराला पाठीवर घेऊन स्टँडला गेलात त्या दिवशी मी खिडकीत होते. बाहेर आले नाही.”

त्यांनी तांब्या हातात घेतला. डोक्यावर पदर ओढला, किबल्याकडे, काब्याच्या दिशेला, तोंड करून उभ्या राहिल्या आणि तीन घोटांत प्याल्या. उरलेलं आत जाऊन पोराच्या खोलीत ठेवून आल्या. मग माझ्या पायांतल्या त्या मोठ्या चपलांकडे बघत म्हणाल्या,

“पाय दुखतात काय गो अजून? बस, चहा टाकते.”