दोनच अंडी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यातल्या एका सोसायटीतून फोन आला. "दयाळ पक्षी अंडी सोडून गेलाय. रंगकामवाल्यांना भोक बुजवायचंय, अंडी घेऊन जा."

तिसऱ्या मजल्यावर एसीच्या नळीसाठी पाडलेलं रिकामं भोक होतं, समोरच परांची. काठीला बांधलेला छोटा आरसा आत सरकवला, टॉर्च मारला आणि पाच सेकंदांत बाहेर काढला. यापेक्षा जास्त वेळ घरट्याशी थांबू नये. काड्या, मुळं आणि केसांची उथळ वाटी, तीत दोन अंडी: फिकट निळसर-हिरवी, तपकिरी ठिपक्यांची. काड्या ताज्या, फुटलेलं कवच नाही, मुंग्या नाहीत.

दोनच अंडी म्हणजे घालणं अजून संपलेलं नाही. दयाळची मादी रोज एक अंडं घालते, चार-पाच होईपर्यंत. शेवटच्या अंड्यापर्यंत ती नीट बसत नाही. तोवरची अंडी थंडच पडून असतात आणि त्यांना काही होत नाही, कारण ऊब मिळाल्याशिवाय आतली वाढ सुरू होत नाही. पिल्लं मागेपुढे न होता साधारण एकत्र बाहेर यावीत, त्याची ही सोय. नर तर उबवतच नाही. त्यामुळे दिवसभर घरट्यावर कोणी दिसलं नाही, एवढ्यावरून ते सोडलंय असं ठरवता येत नाही.

बघायचं ते नराकडे. आम्ही खाली पार्किंगमध्ये तासभर बसलो. तो पाण्याच्या टाकीवर शेपूट उभारून गात होता. रंगारी परांचीवर चढला की गाणं थांबायचं आणि कर्कश चर्र-चर्र सुरू व्हायचं. हद्द राखणारा नर घर सोडून गेलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन अंडी, तिसऱ्या दिवशी चार. चौथ्या दिवशी आरशात राखाडी पाठ दिसली. मादी बसली होती.

घरटं हलवणं हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे, हे कमिटीला सांगावं लागलं. भोकाभोवतीचा पट्टा सगळ्यात शेवटी रंगवायचा ठरला. परांचीवरची हिरवी जाळी मात्र तिथे लगेच कापून घेतली, नाहीतर जाण्यायेण्याची वाटच बंद झाली असती. उबवणं दोन आठवड्यांच्या आत संपतं, पुढे पिल्लांना साधारण तेवढेच दिवस लागतात.

वॉचमनदादांना एकच सांगून ठेवलं: आखूड शेपटीचं पिल्लू खाली दिसलं तर ते पडलेलं नाही, घरट्यातून निघालेलं आहे. मांजर जवळ असेल तर उचलून जास्वंदीत ठेवा, खोक्यात नको. आईबाप तिथेच भरवतील.