मशीनच्या आवाजात कविता

दीड वाजून गेलाय, झोप येत नाहीये. नादेझ्दा मांडेलश्तामच्या आठवणी वाचून पुस्तक मिटलं पण डोकं काही मिटत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

कीव, मे १९१९. ती १९ वर्षांची, चित्रं काढणारी, ओसिप मांडेलश्ताम २८ चा, रशियन कवी. भेटले आणि जमलं. पुढे १९३३ मध्ये त्याने स्टालिनवर १६ ओळींची कविता केली, विश्वासातल्या लोकांना तोंडीच म्हणून दाखवायचा, तरी कुणीतरी चुगली केलीच. मे १९३४ मध्ये रात्री घरात झडती. त्या दिवशी त्यांची मैत्रीण, कवयित्री अख्मातोवा पाहुणी आलेली, खायला काही नव्हतं म्हणून तिच्यासाठी शेजारून एक अंडं मागून आणलेलं, ते टेबलावर तसंच पडून. त्याला न्यायची वेळ झाली तेव्हा अख्मातोवा म्हणाली, आधी काहीतरी खाऊन घे. तो बसला, अंड्यावर मीठ घातलं आणि खाल्लं. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवून नुसती बसून राहिले.

मग हद्दपारी, आणि १९३८ मध्ये परत अटक. कविता छापायचं तर सोडाच, घरात सापडल्या तरी संपलं सगळं, म्हणून हिने कागद उशीत लपवले, पातेल्यात लपवले, आणि तेवढ्यावरही भरवसा नाही म्हणून सगळं पाठ केलं. कापड गिरणीत रात्रपाळी करायची आणि एका मशीनकडून दुसऱ्याकडे पळताना त्याच्या ओळी पुटपुटत राहायची. झोप अनावर होत असेल, पाय दुखत असतील, आणि एक शब्द जरी विसरला तरी तो कायमचा गेला!! मला वाटतं प्रेम म्हणतात ते हेच, रोज रात्री उठून करायचं काम.

तिने त्याला पाठवलेलं पार्सल परत आलं, घेणारा मरण पावला म्हणून. २७ डिसेंबर १९३८ ला तो व्लादिवोस्तोकजवळच्या कैद्यांच्या छावणीत वारला होता. तो गेल्यानंतर देशात त्याचं पुस्तक निघालं ते थेट १९७३ मध्ये.

तो जायच्या आधी, ऑक्टोबर १९३८ मध्ये तिने त्याला एक पत्र लिहिलेलं, त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. त्यात सरकार नाही, तक्रार नाही. कुठूनतरी मिळालेला पाव दोघांनी मिळून खाल्ला तर किती गोड लागायचा, आठवतं का, आणि एकदा न्हाणीघरातून परत येताना शेजारून गवताने भरलेली गाडी गेली होती, ती आठवते का.