सरांचं तिसरं आलेलुया

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि लिहायचं ठरलं ते गायनाच्या सरांबद्दलच. बाकीच्यांवर बाकीचे लिहितीलच.

वसईतल्या ईस्टरची तालीम म्हणजे शाळेचा हॉल आणि सरांची पेटी. त्यांचं सगळं लक्ष पवित्र शनिवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्रीकडे. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, बंद असलेलं आलेलुया (देवाच्या स्तुतीचा घोष) त्या रात्री तीनदा होतं, दर वेळी वरच्या सुरात. फादर आधी गातात, लोक मागून. बहुतेक गायकवृंद इथेच फसतात. पहिलंच जोशात उंच धरलं की तिसऱ्याला सोप्रानो (सर्वांत उंच आवाजाच्या गायिका) किंचाळतात आणि लोक गप्प होतात. सर पहिलं पांढरी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीत) देत, मग दोन, मग तीन. पहिलं खाली वाटलं तरी चालेल, म्हणत.

अवघड भाग त्याआधीचा. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियापासून (मिस्सेतल्या स्तुतिगीतापासून) शनिवारच्या ग्लोरियापर्यंत वाद्यं फक्त गाण्याच्या आधारापुरती. सर तर पेटी मिटूनच ठेवत. जुन्या कराराच्या सात वाचनांमागची स्तोत्रं नुसत्या गळ्यावर गायली की सूर उतरत जातो, आणि गाणाऱ्याला ते कळत नाही. एका तालमीत ग्लोरियाला पेटी उघडली आणि अख्खा वृंद अर्धा सूर खाली सापडला. सर रागावले नाहीत. खिशातून ट्यूनिंग फोर्क काढला, ठोकला की एकच ठरलेला सूर देणारा धातूचा चिमटा. त्याचा सूर पांढरी सहाचा. त्यावरून षड्ज शोधायचा, तोंड मिटून धरायचा, मगच शब्द. दमलेले गायक चढे स्वर अपुरे घेतात, हे त्यांनी दाखवून दिलं. लांब ओळीत शेजाऱ्याने श्वास घेतला की आपण तेव्हा घ्यायचा नाही, गात राहायचं, हेही तेव्हाचंच.

ईस्टर पन्नास दिवसांचा, हे त्यांच्याइतकं कुणी पाळलं नाही. पवित्र पाणी शिंपडताना आस्पेर्जेसच्या जागी विदी आक्वाम हे गीत, आंजेलुस या मरियेच्या प्रार्थनेच्या जागी रेजिना चेली, थेट पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत. ईस्टर रविवारचं सिक्वेन्स (त्या सणाचं खास गीत) आलेलुयाच्या आधी, आणि तेही गाऊन. काही ठिकाणी हल्ली ते घाईत वाचून टाकतात.

आता कीबोर्डवर ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळी पट्टी वर-खाली करायचं बटण आहे. सूर चढतो, पण चढताना कान लागत नाही. सरांचे विद्यार्थी आज गावोगावी गायकवृंद चालवतात, त्यांतले काहीजण तरी फोर्क बाळगतात.

संगीतखोलीच्या कपाटात सरांच्या वह्या असतील तर समितीने त्यांच्या प्रती काढाव्यात. आधी बासच्या (सर्वांत खालच्या पुरुषी आवाजाच्या), त्या आमच्यापैकी कुणाकडेच नाहीत.