आमची वाटचाल : पंपाच्या मोटरीपासून रेसच्या मोटरीपर्यंत

कुपवाड एमआयडीसीत आमचं वर्कशॉप, मूळ धंदा रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळायचा. सांगलीत ऊस आहे तोवर जळालेल्या पंपांना काय तोटा, आप्पांनी त्यावरच घर उभं केलं.

रिमोटच्या रेसिंग गाड्यांचं खूळ माझं. पुण्याचा एक पोरगा ५४० साईजची मोटर घेऊन आला, म्हणाला दादा ही पळत नाही, आणि आप्पा म्हणाले खेळण्याचं काय वाइंडिंग करतोस. पण उघडली तर सगळं ओळखीचंच निघालं, साधारण ३६ मिमीचा डबा, आत दोन फेराइट मॅग्नेट, तीन दातांचं आर्मेचर, म्हणजे तार गुंडाळलेला फिरणारा भाग. स्टॉक क्लासला, म्हणजे साध्या मोटरींच्या रेस गटाला, दातावर २७ टर्न, म्हणजे तारेचे वेढे. टर्न कमी केले की तार जाड बसते, आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, वाढतो, पण मोटर करंटपण तसाच ओढते.

गिऱ्हाईक फोनवर पहिलं टर्नच विचारतं. माझं म्हणणं, अर्धी रेस कम्युटेटरवर असते, म्हणजे आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या गोलावर, ज्याला कार्बनचे ब्रश घासून करंट देतात. तो जरा जरी गोलाईत नसला की कार्बन उडतो, ठिणग्या पडतात, तांबं काळं पडतं, मग १० टर्न घाला नाहीतर १२. म्हणून आमचा जास्त वेळ छोट्या लेथवरच जातो, डायमंड टूलनं अगदी हलका कट घ्यायचा आणि नंतर तिन्ही फटींतला तांब्याचा कीस काढायचा, तो राहिला तर शॉर्टच. कार्बन दाबणारी स्प्रिंग कडक केली तर कार्बन टेकून राहतो पण घासतो, मऊ ठेवली तर आरपीएम मिळतो आणि ठिणग्यापण. टायमिंगचं तसंच, कार्बन फिरण्याच्या उलट दिशेला सरकवले की स्पीड येतो, जास्त सरकवले की मोटर तापते आणि तापलं की फेराइटचा जोर उतरतो.

मग ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनची मोटर आली आणि रेसवाले भराभर तिकडं गेले. घासायला कार्बनच नाही, मेंटेनन्स कमी, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तेव्हा पंपांनीच तारलं, २०१९ च्या महापुरानंतर तर भिजलेल्या मोटरी ठेवायला जागा नव्हती.

आता ब्रश मोटरीचं काम येतं ते जास्त करून क्रॉलरवाल्यांचं, म्हणजे दगडांवर हळू चढणाऱ्या रिमोटच्या गाड्यांचं. इंच इंच चढायचं तर ३५, ५५ टर्नची साधी मोटर अजून झकास चालते, स्वस्तपण पडते.

मोटर पाठवताना बॅटरी किती व्होल्टची आणि पिनियन, म्हणजे मोटरीच्या दांड्यावरचा छोटा गिअर, किती दातांचा तेवढं लिहा, मोठ्या पिनियनवर चांगली मोटरपण जळते. नुसतं 'फास्ट करा' लिहून आलेली मोटर आम्ही बाजूलाच ठेवतो.