इम्ब्रोस: कलम १४ आणि एक छोटीशी शाळा

तुर्कस्तानातल्या कबातेपेच्या धक्क्यावर, बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत उभी होते. मागच्या आजींनी विचारलं, "गॉकचेआदाला?" मी म्हटलं, "हो, इम्ब्रोसला." आजींचा चेहरा एकदम उजळला आणि त्या ग्रीकमधून भराभरा बोलायला लागल्या. मला ओ की ठो कळेना. नकाशावरचं एक जुनं नाव घेतलं एवढंच माझं कर्तृत्व. पण बेटाचं ते नाव १९७० साली तुर्की सरकारने बदलून गॉकचेआदा केलं आहे, आणि तुम्ही कुठलं नाव घेता यावरून इथे माणसं तुम्हाला ओळखतात.

बोट सुटली तसा गॅलिपोलीचा किनारा मागे पडला. पहिल्या महायुद्धात, १९१५ सालच्या मोहिमेत याच किनाऱ्यावर शीख आणि गुरखा पलटणी उतरल्या होत्या, आणि ब्रिटिश सेनापती हॅमिल्टनचं मुख्यालय समोर दिसणाऱ्या इम्ब्रोसवर होतं. आपल्याकडे हे कुणी फारसं सांगत नाही. असो, तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

सव्वा-दीड तासात तुर्कस्तानचं हे सर्वांत मोठं बेट आलं. वारा मात्र धक्क्यापासून खोलीच्या दारापर्यंत पाठीशी. उघडेबोडके डोंगर, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या शेळ्या, मधूनच ऑलिव्हची राई.

मला जायचं होतं झेतिनलिक्योयला. ग्रीक नाव आयी थिओदोरी. चढावर दगडी घरं, निळ्या-हिरव्या खिडक्या, आणि दगडी उखळात कुटलेल्या कॉफीची दुकानं. दिबेक कॉफी म्हणतात तिला. घट्ट, जराशी मातकट, मला दुसऱ्या कपापासून आवडली. सोबत मस्तकी, म्हणजे एक सुगंधी डिंक, घातलेली दुधाची खीर. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे धर्मगुरू, सध्याचे कॉन्स्टँटिनोपलचे (म्हणजे इस्तंबूलचे) पॅट्रिआर्क बार्थोलोम्यू १९४० साली याच गावात जन्मले. गावाचं आकारमान बघता हे जरा अजबच वाटतं.

बोटीवरच्या आजी इथेच पुन्हा भेटल्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला पहिला धडा दिला: "आम्ही युनान नाही, रूम." युनान म्हणजे ग्रीस देशातले. रूम म्हणजे इथलेच, जुन्या पूर्व रोमन साम्राज्यापासून इथे राहणारे, तुर्कस्तानचे नागरिक. हा फरक त्या कॉफीचा घोट घ्यायचं थांबवून दोनदा सांगत होत्या.

आता थोडं कागदपत्रांचं. १९२३च्या लोझान तहानंतर ग्रीस आणि तुर्कस्तानात लाखो माणसांची सक्तीची अदलाबदल झाली. इम्ब्रोस आणि शेजारचं तेनेदोस मात्र त्यातून वगळले होते. तहाचं कलम १४ सरळ सांगतं की बेटं तुर्कस्तानची, पण कारभार स्थानिक लोकांचा, बिगरमुस्लिम रहिवाशांच्या जीविताला आणि मालमत्तेला हमी, इतकंच काय, पोलीससुद्धा स्थानिकांतूनच भरायचे. वाचायला झकास. चारच वर्षांत, १९२७ साली, एका कायद्याने हा स्थानिक कारभार गुंडाळला गेला आणि ग्रीक भाषेतलं शिक्षणही बंद झालं. १९५०च्या सुमारास शाळा परत उघडल्या. मग सायप्रस बेटावर ग्रीक आणि तुर्कांचा तंटा पेटला आणि १९६४ साली त्या पुन्हा बंद झाल्या. सायप्रस इथून शेकडो मैलांवर, पण दंड भरला इम्ब्रोसच्या पोरांनी.

शाळेपाठोपाठ जमीन गेली. शेतजमिनी सरकारने नाममात्र मोबदल्यात ताब्यात घेतल्या आणि बेटावर खुला तुरुंग आणला. कैदी मोकळे शेतात हिंडायचे. मुख्य भूमीवरून नवी माणसं आणून वसवली. त्या माणसांवर मला राग धरता येत नाही, बरीचशी गरीबच होती, जमीन मिळते म्हणून आली. पण परिणाम व्हायचा तो झाला. कधीकाळी हजारोंनी असलेले रूम शतक संपता संपता दोन-तीनशेवर आले, त्यातही म्हातारेच जास्त. बाकीचे अथेन्सला, ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेला.

आजींना विचारलं, तुम्ही का गेलात? मला वाटलं तुरुंगाचं सांगतील, जमिनीचं सांगतील. त्या म्हणाल्या, "शाळा. बाबा म्हणाले, पोरीला आपल्या अक्षरांत नाव लिहिता आलं पाहिजे." आधी इस्तंबूल, मग अथेन्स.

दुसऱ्या दिवशी मी देरेक्योयला गेले, म्हणजे स्खिनूदीला. एकेकाळी बेटावरचं सर्वांत मोठं गाव. मी कोकणातली, बंद घरं मला नवी नाहीत, पण आमच्याकडे निदान कुलूप तरी असतं. इथे दारंच नाहीत. छपरं खाली आलेली, चुलीच्या कोनाड्यातून अंजीर उगवलेलं. सार्वजनिक धुणीघर तेवढं शाबूत आहे. कपडे आपटायचे दगड बायकांच्या हातांनी गुळगुळीत झालेले, त्यावर हात फिरवत मी बराच वेळ बसले. फोटो एकही धड आला नाही.

गावकऱ्यांनी हक्कांचा पाठपुरावा सोडला नाही, हे मात्र सांगितलं पाहिजे. २००८ साली युरोप परिषदेच्या संसदीय सभेने १६२५ क्रमांकाचा ठराव केला, आणि या दोन बेटांचा दुहेरी सांस्कृतिक चेहरा जपा, शाळा उघडा, मालमत्तेचे प्रश्न सोडवा असं तुर्कस्तानला सुचवलं. पुढच्याच वर्षी तेनेदोसच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या विश्वस्त संस्थेने मालमत्तेचा खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जिंकला. आणि २०१३ साली, एकोणपन्नास वर्षांनी, आयी थिओदोरीतली प्राथमिक शाळा उघडली. पटावर बोटांवर मोजण्याइतकी मुलं. दोन वर्षांनी वरचे वर्ग बेटावरच्याच तेपेक्योय गावात सुरू झाले.

त्याच तेपेक्योयला, आग्रीदियाला, १५ ऑगस्टला मेरीमातेचा सण असतो. आपल्याकडे झेंडावंदन चालू असतं तेव्हा तिथे रात्रभर कढयांत शिजलेलं मांस गावाला वाटतात. जगभरातून माणसं येतात. मी सप्टेंबरात गेले, सण हुकला. पण शाळा नुकती सुरू झालेली सापडली.

फाटकातून आत जाऊ दिलं नाही, आणि ते योग्यच. बाहेरून दिसलं एवढंच की पटांगणात एका चेंडूवरून दोन पोरांचं भांडण पेटलंय. अर्धं ग्रीक, अर्धं तुर्की. शिव्या बहुधा तुर्कीत असाव्यात, कारण शेजारचा दुकानदार खुदकन हसला.

निघायच्या दिवशी वाऱ्यामुळे बोट रद्द. धक्क्यावर आजी पिशव्यांवर बसलेल्या. त्यांचा मुलगा अथेन्स सोडून इथे यायचं म्हणतोय, नातीला या शाळेत घालायचं म्हणतोय. सून मात्र तयार नाही. "का?" म्हटलं. आजींनी समुद्राकडे हात केला. "जानेवारीत पोरीला ताप आला आणि हे असं झालं, तर?"

संध्याकाळी बोट सुटेल असं कुणीतरी म्हणालं. आजींनी पिशवीतून बदामाची बिस्किटं काढली आणि डबा माझ्याकडे सरकवला.