जॅकवर घेतली की फॉल्ट गायब

साउथ ऑस्ट्रेलियातलं पोर्ट ऑगस्टा हे नाक्यावरचं गाव. उत्तरेला निघालात की स्टुअर्ट हायवेने डार्विन, पश्चिमेला वळलात की आयर हायवेने नलारबॉरचं मैदान ओलांडून पर्थची वाट. जून-जुलैच्या थंडीत रिटायर्ड जोडपी गाडीमागे कारवान, म्हणजे चाकांवरचं घर असलेला ट्रेलर, लावून इथून जातात, आणि लांबच्या पल्ल्याआधी जे काही दुखतंखुपतं ते आमच्या वर्कशॉपच्या दारात आणून उभं करतात. मी इथे ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. सांगलीत आयटीआय केलं तेव्हा विजेवर चालणारे ट्रेलरचे ब्रेक असतात हे कानावरही आलं नव्हतं. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त ट्रॅक्टरचे, बाकी सगळं देवावर.

इथे देवावर सोडत नाहीत. ट्रेलर ७५० किलोच्या वर गेला की त्याला स्वतःचे ब्रेक हवेत, २००० किलोच्या वर सगळ्या चाकांना हवेत, शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर आपोआप ब्रेक लावून निदान १५ मिनिटं धरून ठेवणारी ब्रेकअवे सिस्टीम. हे ब्रेक दिसायला साधे. ड्रममध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. ड्रायव्हरने पेडल दाबलं की डॅशबोर्डमागचा कंट्रोलर निळ्या वायरीतून करंट सोडतो, मॅग्नेट फिरत्या ड्रमला चिकटून फरफटत जातो, आपल्यासोबत लिव्हर ओढतो आणि लायनर पसरतात. पांढरी वायर अर्थची. निळी आणि पांढरी, संपलं. पण हीच दोन वायरींची वरात माणसाला दिवसभर नाचवते.

त्या दिवशी आलेले आजोबा कंट्रोलरची दोन रिकामी खोकी घेऊनच उतरले. अधूनमधून डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरच्या नॉबवर लाल दिवा लुकलुकायचा आणि कारवानचे ब्रेक गायब व्हायचे, पुढच्या मिनिटाला पुन्हा सगळं ठीक. वाटेतल्या दोन वर्कशॉपनी कंट्रोलर बदलून दिला होता. आमच्या धंद्यात ही एक जमातच झाली आहे: मीटर बाहेर काढायचा नाही, महागातला पार्ट बदलायचा, आणि बरा झाला तर आपण हुशार. कंट्रोलर बिचारा आपलं काम चोख करत होता. पुढे शॉर्ट दिसला की तो आउटपुट बंद करतो आणि दिवा लावून ओरडतो. ओरडणाऱ्यालाच दोनदा हाकलून दिलं होतं.

मी आधी गाडीची बाजू तपासली. कारवान गाडीला जोडणाऱ्या प्लगच्या पाच नंबरच्या पिनवर, म्हणजे निळ्या वायरीवर, नुसता मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसणारच. मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे कुजका जॉइंटसुद्धा त्याला धडधाकट वाटतो. म्हणून मी हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब ठेवलाय. तो पिनला जोडून कंट्रोलरचा मॅन्युअल लिव्हर (पेडलशिवाय फक्त कारवानचे ब्रेक लावणारा) पूर्ण दाबायचा. बल्ब तांबूस पेटला की समजायचं, वाटेत कुठेतरी करंट अडतोय. पेटला तांबूसच! डॅशबोर्डखाली वायर न सोलता चिमटून बसवायचा प्लास्टिकचा निळा जोड निघाला. हे जोड ज्याने शोधले त्याच्याबद्दल मी इथे लिहीत नाही, घरातली माणसंही वाचतात. तो कापला, वायरी क्रिम्प करून (दाबून घट्ट जोडून) वर हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, चढवली, बल्ब पांढराशुभ्र पेटला. पण जोड कुजल्याने ब्रेक कमकुवत होतात, शॉर्टचा दिवा लागत नाही. म्हणजे खरा चोर मागे कारवानमध्येच होता.

वायर न तोडता करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. दोन एक्सल, चार चाकं, म्हणून चार मॅग्नेट, प्रत्येकी साधारण ३ अँपिअर, एकूण १२ च्या आसपास यायला हवेत, आलेही. चासिसखाली जॅक लावून चाकं मोकळी केली, एकेक वायर हलवली, ओढली, ड्रम फिरवून कंट्रोलरचा लिव्हर दाबला. काही नाही. खाली उतरवून यार्डाबाहेर नेली, गटाराच्या झाकणावरून गेली आणि लाल दिवा! परत आणून जॅकवर घेतली, पुन्हा गुणी बाळ.

मग डोक्यात आलं की जॅकवर चाकं लोंबकळतात, वजन एक्सलवरून निघून जातं. फॉल्ट वजनाखालीच जगत असेल तर आपण दर वेळी त्याला लपायला मदत करतोय. आजोबांना पाण्याच्या दोन्ही टाक्या भरायला लावल्या, कारवान जमिनीवरच ठेवली. दोन्ही एक्सलच्या निळ्या वायरी वेगळ्या केल्या, मॅग्नेटचे अर्थही सोडवले. आता निळ्या वायरीचा चासिसशी काडीचा संबंध उरायला नको. मीटर बझरवर टाकला, म्हणजे वायर चासिसला टेकली की तो वाजणार, आणि हाताखालच्या पोराला सांगितलं, "एकेक चाक लाकडाच्या ठोकळ्यावर चढव, सावकाश." पुढचा एक्सल गप्प. मागचं डावं चाक ठोकळ्यावर चढलं आणि मीटर किंचाळला.

एक्सल म्हणजे पोकळ पाइप. एका चाकाकडून दुसऱ्याकडे जाणारी वायर कारवान बनवणाऱ्याने त्याच पाइपातून नेली होती. ड्रिलने पाडलेलं भोक, कडेची धारदार बुरी तशीच, भोकात वायर घासू नये म्हणून बसवायचं रबरी ग्रोमेट नाही. वजनाने एक्सल जरासा वाकला की वायर त्या धारेवर टेकायची. बाहेर ओढली तर तांदळाच्या दाण्याएवढं इन्सुलेशन सोललेलं, आतल्या तांब्याच्या तारा घासून घासून आरशासारख्या चकचकीत. काही पैशांचं रबर वाचवायला! एकाच ठिकाणी तांबं लोखंडाला टेकलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, कारण कंट्रोलर सगळ्यांचा एकच.

जुनी वायर रद्द करून नवी दुहेरी इन्सुलेशनची केबल एक्सलच्या मागच्या बाजूने, लवचिक पाइपात घालून बाहेरून नेली, चाकाजवळ हलायला ढील ठेवला. बॅटरी घालून ब्रेकअवेची पिन ओढून पाहिली, चारही चाकं घट्ट. इथवर सगळं छान.

आता जे डोक्यातून जात नाही ते. पुढच्या एक्सललाही तसलंच भोक होतं. टॉर्च मारली तर वायरीवर चकचकीत चर पडलेला, तांबं अजून दिसत नव्हतं. मी म्हटलं, हाही आत्ताच बाहेरून घेऊ. आजोबा म्हणाले, "तो बिघडलेला नाही ना? मग राहू दे." दोन कंट्रोलरचे पैसे बुडालेले, वर आमचे शोधाशोधीचे तास, त्यांना आणखी एक आकडा ऐकायचाच नव्हता. आजी म्हणत होत्या करून घ्या, पण पाकीट आजोबांकडे. मी बॉसला बाजूला घेऊन म्हटलं, लेबर माझ्या वेळेतून करतो. तो म्हणाला, "असं फुकट करायला लागलास तर वर्कशॉप चालेल कसं? गाडी त्याची, निर्णय त्याचा."

त्याचं म्हणणं खोटं नाही. पण आयर हायवेवर समोरून रोडट्रेन, म्हणजे दोन-दोन ट्रेलर ओढणारे लांबलचक ट्रक, येतात. त्यांच्या ड्रायव्हरने या निर्णयाला कुठे होकार दिलाय? आणि ब्रेक ज्या कारणाने पूर्ण बंद पडतात तेच कारण डोळ्यांनी बघून मी गाडी सोडायची, हे कसलं इलेक्ट्रिशियनपण?

एवढं केलं की आजींना नॉबचा मॅन्युअल लिव्हर दाखवला. म्हटलं, प्रत्येक पेट्रोल पंपावरून निघताना चालण्याच्या वेगात पेडलला हात—म्हणजे पाय—न लावता फक्त हा दाबा. कारवानने मागून गाडी ओढून धरली पाहिजे, आणि लाल दिवा दिसला तर तिथेच थांबा. त्यांनी वहीत लिहून घेतलं. आजोबा तोवर स्टिअरिंगवर बोटं वाजवत होते.

जॉबकार्डवर मी लिहिलं होतं, "पुढच्या एक्सलची वायर घासलेली आहे, लांबच्या प्रवासाआधी बदलणे आवश्यक." संध्याकाळी फाइल लावताना पाहिलं, तर बॉसने "आवश्यक" खोडून "सुचवले, ग्राहकाने नाकारले" केलं होतं. विचारलं तर म्हणाला, "आवश्यक लिहिलंस आणि गाडी सोडलीस, तर कोर्टात तूच अडकशील." यावर आमचं अजून पटलेलं नाही. माझं मत, अडकायची भीती असेल तर शब्द नाही, वायर बदलायची.